भुकटीनं धरलेला दम

बाबा, कामरगावच्या तुमच्या लोहारशाळेत संध्याकाळचं शेवटचं काम ठरलेलं असायचं. कितीही उशीर होवो, तुम्ही भात्यावर गुडघा टेकून त्यातली सगळी हवा काढायचे आणि मगच घरी यायचे. मी एकदा विचारलं, "काहून?" तुम्ही म्हणाले, "भरला भाता रातभर आपल्या मनानं दम ओढते. कोनाचा ओढते, मालूम नाही." मी फिदीफिदी हसले. "लय शाणी झाली का?" म्हणत तुम्ही पाठीत धपाटा घातला. मग वळून भाता पुन्हा एकदा दाबून पाहिला.

आता मी कारंज्याला कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करते. पोलादी नळकांड्यात मॅग्नेशियमची भुकटी असते. हायड्रोजन वायू तिच्यात मुरतो, तापवली की परत बाहेर येतो. मॅग्नेशियम एकटं महाआळशी, धड घेत नाही, धड सोडत नाही. म्हणून चिमूटभर निकेल मिसळायचं, मग देणंघेणं झपाट्यानं होतं आणि निकेल स्वतः काही खर्ची पडत नाही. उद्या यावर गाड्या चालतील म्हणतात, चालोत बापड्या. मी मात्र रोज निघताना नळकांडं रिकामं करायची. सर चिडले. "अहो मॅडम, भरलेलं किती दिवस टिकतं तेच तर बघायचंय! रिकामं कशाला करता?" त्यांना काय सांगू, आमच्यात भाता भरलेला ठेवत नाहीत म्हणून? शनिवारी नळकांडं भरलं, थंड केलं, खोलीला कुलूप लावलं आणि घरी आले.

रविवारी दुपारी माय मेथी निवडता निवडता थांबली. श्वास आत गेला आणि आतच राहिला. काडी हातात तशीच. मी तिला हलवते, ओरडते, तेव्हा कुठे सुटतो. डॉक्टर म्हणाले, वय झालं. असेल बाई. माय म्हणाली, "कोनी तरी धरून राह्यलं होतं."

सोमवारी जाऊन बघते तर दाबाचा काटा खाली. पोट भरलेल्या भुकटीनं आणखी वायू ओढला होता. सांध्यांना साबणाचं पाणी लावलं, एक बुडबुडा नाही, म्हणजे गळती नाही.  भट्टी लावून सगळा वायू सोडून दिला. तेवढ्यात शेजारणीचा फोन आला, "सकाळपासून श्वास अडकत होता, आता माय मोकळा दम घेऊन राह्यली. घाबरू नको."

पुन्हा भरलं, पुन्हा तेच झालं. योगायोग असेल. योगायोगावरून निष्कर्ष काढू नका, असं मुलांना मीच शिकवते. तरी त्यानंतर भरायची हिंमत झाली नाही.

एकदा हसण्यावारी नेत मायला सगळं सांगून बसले. ती हसली नाही. पदरानं तोंड पुसलं आणि नव्या नवरीसारखी लाजली हो, बाबा! "तुहे बाबाच असन ते. मले बोलावून राह्यले. भरून ठेव वं पोरी, रिकामं नको करू."

हे पत्र टाकू कुठे? तुमचा पत्ता असता तर स्वतः येऊन भांडले असते. इतक्या वर्षांनी आठवण आली होय तुम्हाला? मला तिच्याशिवाय आहे कोण? नका नेऊ तिला, पाया पडते तुमच्या.

सरांना सांगते, सांधा गळतोय, म्हणून भरत नाही. माय रोज संध्याकाळी दारातच विचारते, "भरलं काय वं?" मी म्हणते, भरलं. मग ती केस विंचरते, धुवट लुगडं नेसते आणि ओट्यावर तुमची वाट पाहत बसते.