भाग्याच्या व्हॅनचे ब्रेक

मंडी मोहल्ला, म्हैसूर
४ ऑक्टोबर

तीर्थरूप अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि आपला धाकटा सुदीप मध्ये सांगायला बसला की माझी अर्धी गोष्ट गिळतो. म्हणून पत्र.

शाळेच्या व्हॅनला मागे नवे ब्रेक शू घातले. तेव्हापासून पॅडल खोल जातंय. दसऱ्याच्या सुट्टीआधी मुलांना सोडून येताना विजयनगरच्या उतारावर ब्रेक दाबला, तर गाडी सरळ डावीकडे ओढली गेली. अय्यो, रिकामी होती म्हणून बरं! गॅरेजवाल्यानं हँडब्रेकची तार तेवढी कसली आणि म्हणाला, परवागिल्ला अक्का, काही बिघडत नाही, चालवून चालवून आपोआप बसेल. अण्णा, दुसऱ्यांची लेकरं आत बसवून मी ते बसायची वाट बघू?

हे म्हणतात, दुसरं गॅरेज बघू. मला मात्र ते स्वतः करायचंय. तुम्ही बसच्या डेपोत जन्मभर हेच केलंत. सुट्टी संपायच्या आत नीट लिहून पाठवा. तुमची नात काव्या मदतीला आहे.

आईला नमस्कार. डोक्यावरचा हात असाच असू द्या.
तुमची भाग्या


शिवमोग्गा
८ ऑक्टोबर

चि. सौ. भाग्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या गॅरेजवाल्यानं शेवटचं काम आधी केलं. पहिल्यांदा ती हँडब्रेकची तार पूर्ण सैल कर. गाडी सपाट जागेवर घे, पुढच्या चाकांना दगड लाव, मागची बाजू उचलून खाली पक्के स्टँड दे. नुसत्या जॅकवर माझा कधी भरवसा नव्हता, तूही ठेवू नकोस.

चाकाच्या आत ब्रेकचा ड्रम असतो, त्याच्यामागच्या पत्र्याला रबरी बूच असतं. ते काढलंस की आत दातेरी चाक दिसेल. पेचकसानं ते खालून वर एकेक दात ढकलत जा, म्हणजे शू पसरून ड्रमला टेकतात. गाडीचं चाक हातानं फिरेनासं झालं की काव्याला पॅडल दोन-चारदा दाबायला सांग, म्हणजे शू मधोमध बसतात. मग थोडे दात मागे घे. चाक मोकळं फिरावं, पण आत शू किंचित कुजबुजावेत. दोन्हीकडे सारखंच. सगळ्यात शेवटी हँडब्रेक.

लहानपणी आईच्या शिवणयंत्राचे स्क्रू काढून ठेवायचीस. ते पाप आता फळाला येऊ दे. ती विचारते आहे, वेळेवर जेवतेस ना मरी, बाळा? जिवाला जपून कर.
तुझे अण्णा


मंडी मोहल्ला, म्हैसूर
२२ ऑक्टोबर

तीर्थरूप अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

झालं! पण तुमच्यावर रागावलेय. उजवं चाक पत्राबरहुकूम जमलं. डावीकडे मात्र दात वर ढकलावेत तसं गाडीचं चाक जास्तच मोकळं. काव्या म्हणाली, आजोबांना कळवू. मी म्हटलं थांब. ड्रम काढला, दातेरी चाक बोटानं फिरवून पाहिलं. त्या बाजूचे आटे उलटे! डावीकडे वरून खाली ढकलायचं, हे तुम्ही लिहिलंच नव्हतं. मग परत पहिल्यापासून सगळं केलं. कपाळापर्यंत काळी झाले होते.

रिकाम्या रस्त्यावर पुन्हा पुन्हा ब्रेक मारून पाहिले. पॅडल वरच लागतं, गाडी रेघेत थांबते. तरी काल शाळा उघडली तेव्हा पहिलं मूल चढायच्या आधी आणखी एकदा ब्रेक मारून पाहिला. आणि गल्लीतून एक स्कूटरवाला सुम्ने, उगाचच, आडवा आला! मी पाय दिला. गाडी जागच्या जागी, सरळ उभी. दप्तरं तेवढी घसरली. छोटा धनुष म्हणतो, भाग्या आंटी, पुन्हा एकदा करा. पुढे जाऊन मी गाडी कडेला घेतली आणि घोटभर पाणी प्यायले. अण्णा, फार अभिमान वाटला. तुमचाही, माझाही.

आईला सांगा, जेवते. माया आहेच, ती वाढत राहो.
तुमची भाग्या


शिवमोग्गा
२६ ऑक्टोबर

चि. सौ. भाग्यास,
अनेक आशीर्वाद.

डाव्या आट्यांचं खरंच राहिलं. इतकी वर्षं हात आपोआप फिरत आला, लिहिताना डोक्यात आलंच नाही. सांगितलेलं कोणीही करतो गं. न सांगितलेलं शोधणारा मिस्त्री. डेपोतले माझे सोबती वेंकोजीराव आले होते, त्यांना तुझं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. हे सुदीपनं केलं का, असं त्यांनी विचारलं. सुदीपच हसून म्हणाला, मला तर पंक्चरही काढता येत नाही, हे आमच्या अक्काचं काम. तुझ्या आईनं त्यांना कॉफी दिली आणि पत्र पुन्हा वाचायला लावलं.

दिवाळीला आम्ही दोघं येतो. सुदीप कारनं पोचवतो म्हणतो. मी सांगितलं, रेल्वेनं येऊ, स्टेशनवर आमची लेक व्हॅन घेऊन येणार आहे. दुसरं कोणी गाडी चालवत असलं की माझा उजवा पाय तिथं नसलेला ब्रेक दाबत राहतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तुझ्या शेजारी मी मांडी घालून बसेन.

लोभ आमचाच जास्त, हे ध्यानात ठेव.
तुझे अण्णा