चौथा शब्द

॥ श्री ॥
पापनाशम, ३ मे २०२४

ती. वासुकीअक्कास,
शि. सा. न. वि. वि.

आपला धाकटा श्रीकर चेन्नईची नोकरी सोडून आला आहे आणि मळ्यातली झाकलेली विहीर उघडायची म्हणतो. बोअर मारल्यावर अप्पांनी तिच्यावर फरशा टाकल्या, त्याला तीस वर्षं झाली. एका संस्थेची मदत मिळते, पण अर्ज इंग्रजीत. विहिरीचं काय करणार, याच्या चार चौकटी आहेत: रिस्टोर, रिव्हाइव्ह, रिजुव्हनेट, रिससिटेट. श्रीकर म्हणतो, दादा, अर्थ एकच, कुठेही खूण कर. मला पटत नाही. तू जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलंस, आता भावालाही शिकव. फी म्हणून वांगी पाठवीन.

तुझी भावजय भामा आठवण देते की विहिरीत उतरण्याआधी अप्पा दिवा लावत. ते चुकवणार नाही.

लोभाचं पाणी आटू देऊ नकोस.
तुझा गुरुमूर्ती

तंजावूर, ७ मे

चि. गुरुमूर्तीस अनेक आशीर्वाद.

अप्पांनी शिकवलेली नागरी लिपी विसरू नये म्हणून आपण पत्रं लिहितो, आणि तू त्यात इंग्रजी विचारतोस! ऐक. पडक्या भिंतीला रिस्टोर. सुकलेल्या झाडाला, झऱ्याला रिव्हाइव्ह. तिथे खूण कर. रिजुव्हनेट हल्ली मलमांच्या जाहिरातीत असतं. चौथा शब्द विहिरीचा नव्हे. तो श्वास थांबलेल्या माणसाचा, आणि तोही चार-पाच मिनिटांपुरता. ती चौकट मोकळी सोड.

दिव्याचं मलाही आठवतं. एकदा तो विझला, तेव्हा अप्पांनी गड्यांना जेवू घालून परत पाठवलं. देवीची आज मर्जी नाही, म्हणाले.

वांगी कोवळी पाठव, लोभ आपोआप वाढेल.
वासुकी

पापनाशम, ११ मे

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

फरशा निघाल्या. मंगळवारी दहाला श्रीकर स्वतः उतरणार. शेजारचे कृष्णस्वामी दोर धरतील. काल एक पारवा आत गेला, तो वर आला नाही. श्रीकर हसून म्हणाला, घरटं केलं असेल.

काठावरच्या देवीपुढे दिवा लावून पाहिला. वारा असूनही ज्योत हलली नाही. मन निश्चिंत झालं.

आशीर्वाद असू दे.
गुरुमूर्ती

तंजावूर, १४ मे, सकाळी आठ
बसच्या कंडक्टरच्या हाती

गुरू,

तुझं पत्र आत्ता उघडलं. दिवा काठावर नाही ठेवायचा! अप्पा तो बादलीत ठेवून दोरानं तळापर्यंत सोडत. मी लहानपणी वाकून पाहिलं आहे. खाली हवा विषारी असली की ज्योत विझते. देवीचं नाव गड्यांनी ऐकावं म्हणून घेत असत. मागच्या पत्रात हे लिहायला हवं होतं. फोन कुणी उचलत नाही. श्रीकरला उतरू देऊ नकोस.
अक्का

तंजावूर, २० मे

ती. अक्कास,

इस्पितळात तू रोज भेटतेस, पण तोंडानं बोलवत नाही, म्हणून लिहितो.

चिठ्ठी साडेदहाला पोचली. श्रीकर दहाला उतरला होता. पाच-सहा पायऱ्यांवरून त्यानं वर पाहून माझी थट्टा केली, की दादा, देवीला सांग, पाहुणा येतोय. मग दोर जड झाला. कृष्णस्वामींनी आणि मी त्याला ओढून वर काढलं, तेव्हाही काठावरचा दिवा संथ जळत होता.

डॉक्टरांनी तो चौथा शब्द उच्चारला. मला अर्थ विचारावा लागला नाही.

श्वास परत आला, अक्का. श्रीकर आला नाही. डोळे उघडतो, पण कुणाला पाहत नाही. त्याला आणण्यासाठी तुमच्या इंग्रजीत पाचवा शब्द असेल तर कळव. मराठीतलं जे येतं ते मी रोज इथल्या देवळात देवीपुढे म्हणतो. दिवा मात्र लावत नाही.

लोभ मागायला तोंड नाही.
गुरुमूर्ती