मोडलेलं स्थळ

दिपेशदादा,

'प्रिय' लिहायला घेतलं आणि शिसारी आली.

मुलुंडच्या आपल्या सोसायटीतली बंद लिफ्ट भूतकाळात नेते, हे आपल्या दोघांनाच ठाऊक होतं. "विनिताला एकदा विचारून बघतो, तू सोबत चल ना," म्हणालास. माझ्याच नणंदेसाठी तू झुरत होतास, म्हणून आले. दहा वर्षं मागे गेलो. मी खाली थांबले, तू एकटाच विनिताच्या घरी गेलास.

परतलो, तर विनिता तुझी बायको होती आणि चार वर्षांची इरा तुमची मुलगी. माझी सात वर्षांची ओवी कुठेच नव्हती. माझा नवरा चैतन्य मला 'ताई' म्हणाला!

एकाच घरात दोन सोयरिकी विनिताच्या घरच्यांना नको होत्या, म्हणून तू चैतन्यशी ठरत आलेलं माझं स्थळ मोडून आला होतास.

"ओवीचं काय रे?" मी विचारलं.

तू चहाचा घोट घेत म्हणालास, "होईल की तुला दुसरी."

काल मी सगळं पूर्ववत करायला लिफ्टमध्ये शिरले. इरा मागून धावत आली. "आत्या, मी पण येऊ?" मी गेले असते तर ती उरली नसती. तिला विनिताकडे सोडलं आणि हातोड्याने लिफ्टची बटणं फोडली.

हे पत्र विनिताच्या हाती लागू नये, म्हणून पाठवणार नाही. फोनवर एवढंच सांगेन: इराला माझ्याकडे पाठवत जा. तू येऊ नकोस.

ओवीची आई,
कल्पिता