लेखिकाबाईंना दुःख हवं होतं

ती. ओक्सिलताईस,

धाकट्या छुनह्वाचा वाकून नमस्कार. (जमिनीपर्यंत नाही गं, बारा वर्षं सेऊलमध्ये भांडी घासून पाठीचं लाकूड झालंय.) गुडघे कसे आहेत? मिरच्या वाळत घातल्यास का? चार वर्षांपूर्वी आई गेली आणि मी आले नाही, तेव्हापासून तू एकाही पत्राला उत्तर दिलेलं नाहीस. तरी विचारणं माझं काम, ते मी करते.

इथे सध्या विस्थापितांवर कादंबऱ्या लिहिण्याची साथ आली आहे. आमच्या मोमोच्या दुकानात या उन्हाळ्यात तीन लेखक येऊन गेले. एक प्लेट मागवायची, ती गार होऊ द्यायची आणि माझ्या हातांकडे बघून उसासे टाकायचे! त्यांतल्या यू सोरिनबाई सगळ्यात नावाजलेल्या. बाईंनी जन्मापासून इमारत बदललेली नाही (चौथ्या मजल्यावरून सातव्यावर गेल्या, तेवढंच काय ते स्थलांतर), पण घर सुटल्याचं दुःख लिहावं तर त्यांनीच. त्यांच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर एवढीशी सूटकेस आहे. मी म्हटलं, बाई, एवढ्याशा सामानात कोण निघतं? आमचं तर मिरचीचंच पोतं होतं. त्यांनी तेही लिहून घेतलं.

दर सोमवारी वाचनालयात त्या आम्हा चीनमधून, येन्जीकडून आलेल्या बायकांना आपापली कथा सांगायला लावतात. शेजारच्या दुकानातल्या बोंगजाने खरं ते सांगितलं, की ती सासूपासून सुटायला इथे आली आणि मजेत आहे. बाईंची लेखणी थांबली. म्हणाल्या, "आत खोल बघा, काहीतरी तुटलेलं असेल." बोंगजा म्हणाली, "आहे ना, न्हाणीचा नळ! तीन महिने घरमालकाच्या मागे लागलेय." पुढच्या सोमवारी बोंगजाला मागच्या रांगेत बसवलं. रडणाऱ्या बायका पुढे बसतात.

माझी पाळी आली. सांगायला एक गोष्ट होती, पण ती मला तिथे सांगायची नव्हती. सगळ्या माझ्याकडे बघतायत, बाईंनी रुमालही काढून ठेवलेला. मग जे सुचलं ते सांगितलं. ताई, रागावू नकोस, मी तुला मारलं. माझी वाट बघत बघत तू गेलीस, तुझ्या थडग्यावर गुडघाभर गवत माजलंय आणि कापायला कोणी नाही. बाईंनी चष्मा काढला. मी पुढच्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण झाले.

आपल्याकडे राख नदीत सोडतात हे मला माहीत नव्हतं का? पण नदीवर गवत कुठून माजवू? तिथेच चुकलं बघ. आता बाई छुसकच्या सणाला, इथल्या पितरांच्या रीतीप्रमाणे, स्वतःच्या हातांनी ते गवत कापायला, दारू वाहायला आणि वाकून नमस्कार करायला येताहेत. नवा कोरा विळा घेतलाय. (पकडला उलटा होता.) वाट दाखवायला मला बरोबर नेताहेत. तेव्हा मामाच्या शेतामागचा एखादा बेवारशी उंचवटा बघून ठेव, आणि दोन दिवस कृपा करून मेलेली राहा.

तुझी,
छुनह्वा

ता. क. लपायचं नसेल तर शेजारीण म्हणून ये आणि कैलासवासी ओक्सिलचे गुण गा. ते तुला जमेल, तेवढी तू स्वतःवर खूश आहेस.

ता. क. दुसरा. बाईंना आईबद्दल मी अवाक्षर सांगितलेलं नाही. मला रजा मिळाली नाही असं तुला कळवलं होतं, ते खोटं. मिळाली होती. विमानतळापर्यंत जाऊन मी परत फिरले. दोन वर्षांत येते म्हणून निघालेली मी, आठ वर्षांनी तिच्या राखेपुढे कुठल्या तोंडाने उभी राहणार होते? लाज वाटली गं, दुसरं काही नाही. बाई गवत कापत बसतील, त्यांना अख्खी सकाळ लागेल. तेवढ्यात नदीच्या कुठल्या वळणावर आईला सोडलंस, ते मला दाखव. नंतर बोलली नाहीस तरी चालेल. पण तेवढं दाखवायला मात्र जिवंत राहा.