मण्यावरचे भोवरे

९ जाने.
ताई आली. अहेरीहून पहिल्या बसनं, हातात एक पिशवी. डावा डोळा सुजून बंद. भाऊजीनं केसाले धरून अंगणभर फरफटवलं, टाळूवरचा पुंजका मुळासकट उपटला. रुपयाएवढी लाल जागा. काऊन? तर म्हणे, भाजीत मीठ जास्त झालं. हरामखोर साला! माय गेल्यापासून तिले माहेर म्हणजे चंद्रपुरातली माझी ही खोली. लॅबला गेलो नाई.

११ जाने.
अहेरीला जाऊन आलो. भाऊजी घरापुढंच उभा होता. पहिला ठोसा नाकावर, मग खाली पाडून लाथा. दात तुटला त्याचा. लोकांनी ओढलं नसतं तर मेलाच असता. खोटं काऊन लिहू, मजा आली. रक्ताचा शर्ट ताईनं धुतला.

१४ जाने.
काम अडलेलंच. धुळीहून बारीक काचेचे मणी, त्यावर लिक्विड क्रिस्टलचा थर. रेणू मण्यावर आडवे निजतात, चोपून बसवलेल्या केसांसारखे. अन् गोल डोकं म्हटलं की भोवरा आलाच. मायक्रोस्कोपखाली दर मण्यावर चार दिसतात. मले चारही सारख्या अंतरावर पाहिजे, म्हणजे तिथंच मण्याले मणी जोडता येईल. पण एका बाजूले गोळा होतात साले. गाईड सर : "महिन्याअखेर दाखव, नाईतर पीएचडी विसर."
ताईले सांगितलं. ती आरशापुढं केस ओढून ती जागा झाकून राह्यली होती. म्हणे, "माझंही तसंच रे. इथी झाकलं का तिथी उघडं पडते."

२० जाने.
भोवरे गायब! एकाही मण्यावर नाई! गोल मण्यावर भोवरा नसणं शक्यच नाई, म्हणजे हा नवाच शोध! अख्ख्या विभागाले बोलावून दाखवलं. सर एवढंच म्हणाले, "उद्या पुन्हा करून दाखव."

२१ जाने.
मण्यांवर थर चढवायले नवी बाटली घेऊन केलं. चार. पुन्हा केलं, चारच. सर सगळ्यांसमोर हसले. "कालची बाटली कशानं धुतली होती बाबू?" साबण राह्यला का रेणू निजतच नाई, ताठ उभे राहतात, मग भोवरा कुठून दिसन! पहिल्या वर्षाच्या पोराले माहीत असते हे.
लॅबात धुवायले माणूस नाई, म्हणून बाटल्या खोलीवर आणतो, डिस्टिल्ड पाण्यानं धुतो. ताईले विचारलं. हसून म्हणाली, "तुलेच बरं पडन म्हणून भांड्याच्या साबणानं घासल्या. पाह्य कशा चकाचक!"
मारलं मी तिले. थोबाडीत, पूर्ण जोरानं. डोकं भिंतीवर आदळलं. तीच जागा. रक्त

२२ जाने.
पाय धरले तिचे. तिनं जेवायले वाढलं. भाजी अळणी होती. मुकाट खाल्ली.
मग म्हणाली, "पयल्या खेपी त्यानंही थापडच मारली होती. अन् पायही धरले होते."
पिशवी भरून दाराशी ठेवली आहे. अहेरीची बस सकाळी सातले. थांब म्हणायले मले तोंड नाई, अन् जा म्हणू तर कुठी?