एकोणिसाव्या स्लाइडची वेळ

सोमवार, ३ फेब्रुवारी

नोकरीचा पहिला दिवस, आणि पहिल्याच दिवशी खुर्चीने मला मागे लोटलं. बाबांची खुर्ची. ते गेल्यावर त्यांच्या जागी मला घेतलं, तेव्हा तीही वारशाने आलीच. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांना शिकवायचं हे केंद्र. बाबा शिकवायचे, मी फक्त प्रेझेंटेशनच्या स्लाइड नीटनेटक्या करून छापायच्या आणि त्यांची पुस्तकं बांधायची. मला बोलायला भरपूर येतं, पण ऐकून घेणारा अजून जन्माला यायचाय असं आई म्हणते.

प्रिंटर सांभाळणाऱ्यांना सगळे टोनरकाका म्हणतात, कारण त्यांची बोटं कायम काळी. त्यांनी चहा पाजला आणि दोन नियम सांगितले. कागद घालण्याआधी फटकारून घ्यायचा, आणि मशीनने ‘जतन करू का’ विचारलं की डोळे मिटून हो म्हणायचं. आयुष्यात एकदा ते नाही म्हणाले आणि तीन दिवसांचं काम पाण्यात गेलं.

बाबांच्या शेवटच्या प्रेझेंटेशनचं पुस्तक आईला हवंय. सव्वीस स्लाइड. या आठवड्यात देते म्हटलंय.

बुधवार, ५ फेब्रुवारी

बाबांचं काम चोख. एका स्लाइडवर फार तर पाच ओळी, आणि उडती अक्षरं कुठे म्हणून नाहीत. अक्षरं नाचायला लागली की माणसं वाचायचं सोडून नाच बघतात, म्हणायचे.

आज एक गंमत सापडली. बोलण्याचा सराव करताना प्रोग्रॅम प्रत्येक स्लाइडला किती वेळ लागला ते मोजतो आणि त्या स्लाइडखाली लिहून ठेवतो. चौथ्या स्लाइडवर नुसतं दाराचं चित्र आणि खाली दोन मिनिटं दहा सेकंद. म्हणजे तिथे ते सासऱ्यांचा आणि कुलपाचा विनोद सांगत असणार. मी एकटीच हसले. मग रडू आलं. त्यांचा आवाज नाही, पण त्यांचं थांबणं इथे जसंच्या तसं आहे. एका दिवसात सगळं संपवायला नको म्हणून दहाव्या स्लाइडवर थांबले.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

एकोणिसावी स्लाइड. मथळा: ‘मदत येईपर्यंत’. आत अडकलेल्या माणसाने काय करायचं, त्याच्या पाच ओळी. खाली वेळ: तीन तास बारा मिनिटं.

पुढच्या स्लाइडना वेळच नाही.

टोनरकाकांना विचारलं. त्यांनीच तर आम्हाला सांगितलं होतं की आपण शेजारीच उभे होतो, बाबा बोलता बोलता गेले, एका क्षणात. आई त्या वाक्यावर जगतेय. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगते, त्यांना कळलंसुद्धा नाही.

काका बराच वेळ कागदच फटकारत राहिले. मग म्हणाले की तो रविवार होता, केंद्र बंद. बाबा एकटेच सरावाला आले होते. काका विसरलेला चष्मा न्यायला दुपारी आले, तेव्हा बाबा जमिनीवर होते, माउस मुठीत, अंग अजून गरम. पडद्यावर घड्याळ चालूच. काकांनी ते बंद केलं, मशीनने जतन करू का विचारलं, आणि सवयीने त्यांचं बोट हो म्हणालं. हे सांगताना ते लहान मुलासारखे रडले. वहिनींना कळू देऊ नकोस, म्हणाले.

तीन तास. मी त्या दुपारी घरी केस धूत होते.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

आईसाठी छापायला घेतलं. एकोणिसाव्या पानावर एक वेडीवाकडी रेघ आली. स्लाइडवर माउसने लिहिता येतं, ते लिहिलेलंही जतन होतं. छापताना ते नको असेल तर त्याच्यापुढची बरोबरची खूण काढता येते. काढली. पुन्हा छापलं.

रेघ वाढली होती. तिसऱ्या प्रतीत ‘हि’ झालं. पाचवीत ‘हिला’.

बाबा आईला जन्मभर ‘ही’च म्हणाले. पानं बारीक फाडली आणि पिशवीत घालून घरी आणली. कचऱ्याच्या डब्यात टाकायचा धीर झाला नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी

आईने पुस्तकाचं विचारलं. कागद संपलाय म्हटलं. तिने कोपऱ्यातल्या पिशवीकडे बघितलं आणि पोळी वाढली.

आज नऊ वेळा छापलं. ‘हिला सां’. टोनर म्हणजे कोरडी भुकटी. ही अक्षरं बोटाला ओली लागली. काकांनी पान पाहिलं, आपली पिशवी उचलली आणि घरी गेले.

हे पान आईच्या हातात पडता कामा नये. बाबांना काहीतरी लिहून संपवायचंय. संपवू दे, मग पान कोरं येईल. केंद्राची किल्ली घेतलीय. उद्या रविवार.

रविवार, ९ फेब्रुवारी

दहा वाजता सराव सुरू केला. थेट एकोणिसावी. हात माउसवर. मी नुसतं बसायचं, त्यांच्याजवळ.

अकरा. काही नाही. फार एकटं वाटतं इथे. बाबा, इथे हाक मारली तर रस्त्यावर ऐकूसुद्धा जात नाही.

सव्वाबारा. रेघ हलली. रेघच माझा हात हलवतेय, मी नाही. ‘हिला सांगू नको.’

मोठ्याने सांगितलं, नाही सांगणार बाबा. शपथ.

हात सुटत नाही. डाव्या हाताने लिहितेय. खांद्यापर्यंत बधिर — छातीवर कोणी बसल्यासारखं. बाबा आणखी लिहितायत. ‘तू जा’. पुन्हा ‘जा’. कशी जाऊ — पाय —

प्रिंटर आपणहून चालू झालाय. एकोणिसावं पान. एकोणिसावं. खाली पडतायत. उचलता येत —

जिन्यावर आई. डबा घेऊन आलीय. नको, आई, आत नको —

पान तिच्या हातात. वाचलं. रडली नाही. म्हणाली, तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यांची वळलेली बोटं तिनेच एकेक करून सरळ केली होती. ‘त्यांना कळलंसुद्धा नाही’ हे ती माझ्यासाठी म्हणत होती. मला झोप यावी म्हणून.

आई गं.

माझी बोटं सोडवायला तिने हात ठेवला. आता तिचाही अडकला —

पडद्यावर तीन तास अकरा मिनिटं. आज कोणी येणार नाही. आई म्हणते हात ओढू नकोस, बस माझ्याजवळ, त्या दिवशी ते एकटेच —