डोंगरवाटेवरची फितुरी

५ जानेवारी, सकाळी
ठरलं. एप्रिलमधली डोंगरवाटांची शर्यत. पन्नास किलोमीटर. डांबर औषधालाही नाही, नुसते चढ, उतार, सुटे दगड आणि झाडांची मुळं. जोडीनं पळायची. दोघांनी शेवटपर्यंत बरोबर राहायचं, एक थांबला की दुसऱ्यानंही थांबायचं. मेहुण्याला फोन केला. शाळेत भूगोल शिकवतो, फळ्यावर डोंगर काढून काढून कंटाळला असेल. लगेच हो म्हणाला. म्हटलं, काळजी करू नकोस, तुला मी तयार करीन. कॉलेजात मी आठशे मीटरमध्ये तिसरा आलो होतो. पळत किती जण होते हे आता कुणालाच आठवत नाही, त्यामुळे तो मुद्दा गौण.

आजपासून साखर बंद. रोज पहाटे टेकडी. ही रोजनिशी प्रगतीची नोंद म्हणून.

९ जानेवारी
अजून टेकडी नाही. आधी बूट यायला हवेत. चुकीच्या बुटांनी सुरुवात केली की गुडघा आयुष्यभर लक्षात ठेवतो.

जेवताना ही म्हणाली, डॉक्टरांनी तिची शुगर अगदी काठावर आहे म्हणून सांगितलंय, रोज तासभर चालायला हवं, सकाळी बरोबर येशील का. तिला नीट समजावलं की नुसत्या चालण्यानं माझा हार्ट रेट झोन बिघडतो, या टप्प्यावर ते परवडणार नाही. साखर मात्र दोघं मिळून सोडू, म्हटलं. ती ताटं उचलायला लागली. पटलं असावं. घरातून असा सपोर्ट असला की माणूस निम्मी शर्यत तिथंच जिंकतो.

१८ जानेवारी
बूट आले. टेकडीवर पहिला सराव. मेहुणा पहिल्या वळणानंतर दिसेनासा झाला. नवशिक्यांची हीच चूक, सुरुवातीलाच सगळं उधळून टाकायचं. मी चढाचा अभ्यास करत हळूहळू गेलो. मध्ये एका दगडावर बसून त्याचाही अभ्यास केला. मेहुणा वरून परत आला, म्हणाला, भावोजी, ठीक आहात ना, तोंड पांढरं पडलंय. मी म्हटलं, रक्त पायांकडे वळलंय, शास्त्र आहे.

उतारावर मांड्या थरथरल्या. दुपारी क्लिनिकमध्ये रूट कॅनाल करताना उभं राहवेना, स्टुलावर बसून केलं. रिसेप्शनिस्टनं विचारलं, सर, पडलात का कुठे. या बाईचा माझ्यावर काडीचाही विश्वास नाही.

३ फेब्रुवारी
स्पोर्ट्स लॅबमध्ये टेस्ट. तोंडावर मास्क बांधतात आणि ट्रेडमिल वर उचलत नेतात. मी बराच वेळ टिकलो असं मला वाटतं. तिथली संशोधक पोरगेलीच, पण बोलायला धीट. म्हणाली, ऑक्सिजन वापरायची तुमची क्षमता तुमच्या वडिलांच्या वयाला शोभेल अशी आहे. वर आणखी म्हणाली, डोंगरात नुसती फुप्फुसं पुरत नाहीत, चढाला पायांत ताकद लागते, उताराला मांड्या तयार असाव्या लागतात आणि पोटाचा घेर तर वर न्यावाच लागतो. पन्नासचा विचार सोडून यंदा छोटी शर्यत करा.

मास्क गळत होता. बावीस वर्षं मास्क लावून काम करणाऱ्या माणसाला कुणी मास्कबद्दल सांगू नये. मी तसं म्हणालो. तिनं दुसरा मास्क लावून पुन्हा करू या का विचारलं. मला पेशंट होते.

विज्ञानानं दगा दिला. मेहुण्याला म्हटलं, टेस्ट अपेक्षेप्रमाणे.

८ फेब्रुवारी
यावर उपाय म्हणून घड्याळ घेतलं. नाडी, झोप, श्वास सगळं मोजतं आणि रोज एक फिटनेस स्कोअर देतं. हे कुणाच्या बाजूचं नाही. रात्री मनगटाला खाजतं म्हणून बुटांच्या कपाटावर चार्जिंगला ठेवतो. हिनं विचारलं, तू उठेपर्यंत सकाळी मी वापरू का. वापर म्हटलं. अंडी उकडायला वेळ बघायला लागत असेल.

१९ फेब्रुवारी
थक्क. या आठवड्यात खोकल्यामुळे एकही दिवस बाहेर पडलो नाही, आणि स्कोअर वर गेलाय. आधी वाटलं घड्याळ बिघडलं. मग विचार केला. शरीर विश्रांतीतच घडतं हे सगळे तज्ज्ञ सांगतात. फक्त त्याचा अर्थ शेवटपर्यंत नेण्याची हिंमत कुणी करत नाही. मी नेणार.

साखर परत सुरू केली. विश्रांतीला ऊर्जा लागते.

४ मार्च
स्कोअर आणखी वर. घड्याळ म्हणतं, आपला चढावरचा वेग उत्तम सुधारत आहे. चढावर न जाता. लॅबवालीला हे पाठवावं असं मनात आलं, पण मोठेपणा म्हणून सोडून दिलं.

मेहुण्याला सांगितलं की तूही सकाळचा सराव कमी कर, नीट झोप. तो म्हणाला, पेपर तपासायचे आहेत, सध्या रविवारी यायला नाही जमणार. बरंच झालं. तसाही रविवारी मी येणार नव्हतोच.

घराच्या दारात मातीनं माखलेले बूट होते, माझे नव्हते. लेकीला म्हटलं, कॉलेजला जातेस की शेतात. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, बाबा, तुम्ही खरंच कमाल आहात. फार दिवसांनी घरात कुणी कौतुक केलं.

१५ मार्च
एक पेशंट, वरची दाढ. तोंडात कापसाचे बोळे, वर सक्शनची नळी, आणि हा सारखा काहीतरी सांगायचा प्रयत्न करतोय. टेकडी, वहिनी, पळतात, असं काहीसं. दुखतंय का विचारलं तर जोरजोरात मान हलवायला लागला. भुलीचं आणखी एक इंजेक्शन दिलं. जाताना ओठ बधिर झाल्यामुळे त्याला काहीच बोलता येईना. अशा वेळी पेशंटचा जीव किती घाबरा होतो, लोकांना कल्पना नसते.

२८ मार्च
आज जे झालं ते लिहून ठेवलंच पाहिजे.

मेहुणा क्लिनिकवर आला. पेशंटच्या खुर्चीतच बसला, मान खाली. म्हणाला, भावोजी, रागावू नका, पण मी शर्यत तुमच्याबरोबर नाही पळणार. तुम्ही जानेवारीनंतर टेकडीवर आलाच नाहीत. मला दुसरी जोडी मिळालीय. आयोजकांना विचारलंय, तुम्हाला एकट्याच्या गटात घेतील.

मी विचारलं, कोण. तो म्हणाला, तुम्ही ताईलाच विचारा ना.

मी म्हटलं, आपल्या दोघांतल्या गोष्टीत तुझ्या ताईला ओढू नकोस, तिला त्रास होईल. तो काही तरी बोलायला गेला. मी हातानंच थांबवलं. ज्याला मी घडवला, ज्याला विश्रांतीचं शास्त्र दिलं, त्यानं पाठीत सुरा खुपसला. जाताना म्हणाला, तुम्हीही छोट्या गटात या ना, दहा किलोमीटर, मजा येईल.

दहा किलोमीटर.

हिला सांगितलं नाही. भावाबद्दल वाईट ऐकून तिचा जीव तुटेल.

६ एप्रिल
स्कोअर आयुष्यातला सर्वोच्च. घड्याळानं मला माझ्या वयोगटात 'उत्कृष्ट' म्हटलंय. एकट्यानं पळेन आणि मेहुण्याला शेवटच्या उतारावर गाठेन. काही बोलणार नाही. नुसता पुढे निघून जाईन.

ही म्हणाली, शर्यतीला मी पण आहे बरं का. म्हटलं, ये की, बॅगा सांभाळायला कुणीतरी लागेलच. ती लेकीकडे बघून हसली. लेक उठून आत गेली.

११ एप्रिल, शर्यतीच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी
पाय हलके. गेल्या आठवड्यात जेवढी विश्रांती घेतली तेवढी लहानपणी गोवर आला होता तेव्हाच घेतली असेल. ही मात्र घरभर फिरतेय, खारवलेले दाणे, गोळ्या, पट्ट्या भरतेय. मी म्हटलं, एवढं कशाला. ती म्हणाली, लागतं.

१२ एप्रिल, दुपारी, आयोजकांच्या तंबूत
क्रमानं लिहितो, म्हणजे डोकं ताळ्यावर राहील.

सुरुवातीच्या रेषेवर मेहुणा दिसला. त्याच्या शेजारी ही. ट्रॅक पँटमध्ये होती, मला वाटलं गारठ्यामुळे. मग तिनं जॅकेट काढलं. दोघांच्या छातीवर एकच नंबर.

मी म्हटलं, हे काय. ती म्हणाली, तुला सांगितलं होतं ना. मी म्हटलं, कधी. तेवढ्यात निशाण पडलं.

मी रागावर पळालो. पहिला चढ सगळ्यांच्या पुढच्या घोळक्यात चढलो, हे खुद्द फोटोग्राफरनं पाहिलंय. लोक वाटेत चालत होते आणि मी पळत होतो. हृदय कानात वाजत होतं. घड्याळ सारखं थरथरत होतं, मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या चढावर पायांनी काम सोडलं. सांगून सवरून नाही, एकदम. पोटऱ्यांत गोळे आले. एका मोठ्या दगडामागे बसलो, बूट काढले, आणि ते परत पायात जाईनात. माझ्यामागची माणसं एकेक करून पुढे गेली. सगळी माझी चौकशी करत गेली, ते फार वाईट.

मग खालच्या वळणावरून हसणं ऐकू आलं. मला आधी कळलं नाही कोण ते. ओळखीचं वाटलं, पण कुठलं ते लक्षात येईना. मग ही वळणावर आली. मेहुण्यानं काहीतरी सांगितलं होतं आणि ती चढ चढता चढता हसत होती, धापही लागत नव्हती. घरात ती अशी हसली त्याला किती वर्षं झाली मला सांगता येत नाही.

मला बघून थांबली. जोडीचा नियम म्हणून मेहुणाही थांबला. गुडघ्यावर बसून तिनं माझी पोटरी दाबली, पायाची बोटं वर ओढून धरली, मिठाची गोळी दिली, पाणी दिलं. हात सराईत होता. विचारलं, फार दुखतंय का. मी म्हटलं, नाही, मुद्दाम थांबलोय, दुसऱ्या टप्प्यासाठी ताकद राखतोय. तिनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. वाटलं, आता म्हणेल, मी थांबते तुझ्याबरोबर.

ती म्हणाली, मागून जीप येतेय, त्यात बस. आणि मग, जाऊ ना मी?

मी जा म्हटलं. खरोखर जाईल असं वाटलं नव्हतं.

जीपमध्ये माझ्याबरोबर एक जण होता, घोटा मुरगळलेला. त्याला कारण होतं.

१२ एप्रिल, रात्री, घरी
त्यांनी शर्यत पुरी केली. मिश्र जोड्यांत नंबर नाही, पण पुरी केली. उन्हं कलली तेव्हा दोघं हातात हात धरून रेषेवर आली आणि ही गवतावर बसून रडली. लेक तिला मिठी मारून रडली. मी तिघांच्या बॅगा धरून उभा होतो.

घरी आल्यावर विचारलं, माझ्यापासून लपवून का केलं. तिनं एकही गोष्ट लपवली नव्हती, असं तिचं म्हणणं. शुगरचं सांगितलं, चालायला ये म्हणाले, नाही म्हणालास, भाऊ ये म्हणाला, गेले. चालता चालता पळायला लागले. परवा डॉक्टरांनी सांगितलं, शुगर उतरली. तेही तुला सांगितलं, तू पाठ मोकळी करायला बाटलीवर लोळत होतास.

मी म्हटलं, हे बरोबर आहे, पण आवाज चढवून सांगायला हवं होतं. ती म्हणाली, मी पंचवीस वर्षं सांगतेय, आता दम पळायला ठेवलाय.

यावर मी शेवटचा पुरावा म्हणून घड्याळ पुढे केलं. म्हटलं, माझी तयारी कमी नव्हती, आकडे बघ. लेकीनं घड्याळ घेतलं, त्यातला नकाशा उघडला. मी नकाशा कधी उघडला नव्हता, मला स्कोअर पुरत होता. रोज पहाटे आमच्या दारातून टेकडीवर जाणारी एक लाल रेघ. लेक म्हणाली, बाबा, हे सगळं आई आहे. आजचं तेवढं तुमचं.

आजचं बघितलं. 'विश्रांतीची गरज' असं आलंय.

जेवलो नाही. म्हणजे ही झोपल्यावर थोडं जेवलो.

१३ एप्रिल, सकाळी
ही मांड्या धरून जिना उतरत होती, उलटी, एकेक पायरी, कठड्याला धरून. मी सरळ उतरलो. उगीच बोललो नाही, पण माझं शरीर लवकर सावरतं ही वस्तुस्थिती आहे.

ती म्हणाली, पाय मोकळे करायला कोपऱ्यापर्यंत जाऊन येते, येतोस? झोनचं काही बोललो नाही. गेलो. ती लंगडत होती, मध्ये मध्ये थांबून मांडी चोळत होती. मी तिच्या सोयीनं चाललो. दुकानांपाशी ती थोडी पुढे गेली. नंतर बरीच पुढे गेली. कोपऱ्यावर उभी राहून माझी वाट बघत होती.

सिग्नल लाल होता. तिला तसंही थांबावंच लागलं असतं.